शब्द कुणाच्या खात्यावर?

बँकेत खर्डेघाशी करणाऱ्या माणसाला इंग्रजी भाषेने एक शब्द खास बक्षीस दिला आहे. तो म्हणजे 'बुककीपर'. स्पेलिंग मनातल्या मनात लिहून पाहा. बी झाल्यावर दोन ओ, लगेच दोन के, लगेच दोन ई. तीन जोडपी ओळीने बसली आहेत आणि मध्ये परका कुणी नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा असे जमत नाही! 'टाइपरायटर' हा शब्द टाइपरायटरच्या अक्षरांच्या वरच्या एकाच ओळीत टंकता येतो. 'रिदम्स' या सात अक्षरी शब्दात ए, ई, आय, ओ, यू या पाचांपैकी एकालाही प्रवेश नाही. या माहितीने पगारवाढ होत नाही, हे बी. कॉम. असल्यामुळे मला कळते. तरी आनंद व्हायचा तो होतोच.

आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत हा आनंद लुटणारे आम्ही चौघे आहोत. एकाने दोन-तीन अक्षरे सांगायची आणि बाकीच्यांनी ती ज्यात आहेत असा लांबात लांब इंग्रजी शब्द काढायचा. मराठीत हा खेळ रंगत नाही. आपल्या शब्दकोड्यात ज्ञानेश्वर चार घरांत सुखाने राहतात. इंग्रजीत गेले की त्यांना अकरा खोल्या लागतात.

हल्ली मात्र या निरुपद्रवी खेळात नीतीचा प्रश्न शिरला आहे. मोबाइलमध्ये अक्षरे टाकली की शब्द उंचीप्रमाणे रांगेत उभे राहतात. आमचे कॅशियर म्हणतात, ''सापडला तो माझा.'' मी म्हणतो, हे म्हणजे दिवसभर लोकांच्या नोटा मोजल्या म्हणून स्वतःला श्रीमंत समजण्यासारखे झाले. (कॅशियरला हे जरा लांब उभे राहून सांगावे.) ''मग डिक्शनरी चाळणं तरी काय निराळं?'' हा त्यांचा सवाल. सवाल खोटा नाही. पण डिक्शनरीत हवा तो शब्द गाठेपर्यंत वाटेत भलतेच पाच-पन्नास भेटतात, त्यातल्या दोघा-तिघांशी जन्माची ओळख होते. मोबाइल थेट दारात नेऊन सोडतो. शेजारी कोण राहतो, पत्ता नाही!

माझी खरी अडचण याच्याही पलीकडची आहे. नुसती अक्षरे बघून शब्द पत्करावा का? पत्रिकेत छत्तीस गुण जुळले म्हणून मुलगी न बघताच अक्षता टाकण्यासारखेच हे. 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम' या 28 अक्षरांच्या शब्दाचे मी समजू शकतो. इंग्लंडमध्ये चर्च आणि सरकार यांची फारकत करावी की नाही, यावर एकोणिसाव्या शतकात खरोखर भांडण झाले होते. त्या भांडणाच्या पोटी हा वाढला. शब्द लांब असला तरी त्याला घरदार आहे.

पण त्याच्यावर ताण करणारा 45 अक्षरांचा महाभाग पाहा. 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस'. (वाचून झाल्यावर पाणी प्या, मी थांबतो.) अर्थ काय, तर ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिकायुक्त धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग. हा शब्द कुठल्या डॉक्टरला अडला म्हणून जन्मला नाही. 1935 साली अमेरिकेतल्या कोडेबहाद्दरांच्या राष्ट्रीय संघाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो लांबीचा विक्रम व्हावा म्हणूनच जुळवला. पुढे वेबस्टरच्या कोशाने त्याला घरात घेतले. ऑक्सफर्डनेही घेतले, पण हा मुद्दाम घडवलेला शब्द आहे, असा शेरा मारून. आमच्या भाषेत, खाते उघडले पण व्यवहार शून्य.

''मग बिघडलं कुठं?'' कॅशियर विचारतात. ''कुणाचं काही गेलं का?''

गेले नाही, हे खरे. पण त्याच सुमारास, 1930 नंतर, त्याच अमेरिकेत पश्चिम व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट येथे डोंगरातून बोगदा खणताना सिलिकाची धूळ छातीत जाऊन शेकडो मजूर मेले. त्यांत बहुतेक काळे होते. 1936 साली अमेरिकन काँग्रेसपुढे त्याची चौकशी झाली. त्या रोगाचे खरे नाव सिलिकोसिस. इंग्रजीत अवघी नऊ अक्षरे! स्पर्धेत त्याला कोण विचारतो?

आणि अमेरिकेलाच का जावे? ज्या पाटीवर आम्ही अक्षरे गिरवली, त्या पाटीवरची पेन्सिल आम्ही लिहिण्यापेक्षा खाल्ली जास्त. मध्य प्रदेशातले मंदसौर हे या पेन्सिलींचे मोठे गाव. तिथे दगड कापताना उडणारी धूळ छातीत भरून कित्येक कामगार ऐन तरुणपणी सिलिकोसिसने गेले. म्हणजे आमच्या पहिल्या अक्षराचा खर्च कुणाच्या तरी श्वासाच्या खात्यावर नावे पडला होता, आणि आम्ही मात्र जमेची बाजू तेवढी गिरवत बसलो होतो. हे कॅशियरना सांगितले तेव्हा ते गप्प झाले. मग डबा बंद करत म्हणाले, ''पण स्मिथला ते कुठं माहीत होतं?''

नसेलही. त्याने चेष्टेत जोडलेला अर्थ रोगाच्या इतका जवळ जाऊन बसला, एवढेच. आणि खेळ बंद करावा असेही मला वाटत नाही. उद्या दुपारी एक्स आणि झेड घेऊन मीच पहिला बसणार आहे. फक्त या शब्दाला मी माझ्यापुरते गुण देत नाही. कॅशियर याला पक्षपात म्हणतात.

परवा माझ्या धाकट्याने हा शब्द शाळेतून आणला आणि पाहुण्यांसमोर एका दमात म्हणून दाखवला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारले, ''बाळा, हा रोग झाला की माणसाला नेमकं काय होतं रे?''

तो म्हणाला, ''बाबा, स्पेलिंग विचारा ना!''