ठणक्याशेजारी बसून

सावकाश बसा. वरचे-खालचे दात एकमेकांना टेकू देऊ नका, ओठ नुसते मिटलेले असू द्या. जीभ त्या नव्या जागेकडे धाव घेईल. तिला खालीच पडून राहू द्या. इम्प्लांट बसवून दोन-तीन दिवस झालेत, गाल ताठरलाय, टाक्यांचा दोरा खुपतोय. सूज बहुधा आजच सर्वांत जास्त असेल.

लक्ष तिथे न्या, आणि ठणक्याशी भांडू नका. शस्त्रक्रिया झाली तेव्हाच जखमेत रक्ताची गुठळी धरली. काही तासांत पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर पडल्या आणि जंतू गिळू लागल्या. त्यांच्यामागून आलेल्या मोठ्या पेशी मेलेले उचलतात आणि नवे तंतू घालणाऱ्यांना सांगावा धाडतात. गालातली ऊब या वर्दळीची आहे. ‘सूज उतरली का?’ हे आपण फार लवकर विचारतो, असे मला वाटते.

आता आणखी आत. हाड टायटॅनियमला घट्ट धरते, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवरच्या प्रयोगात दिसले. १९६५मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. हिरडीचे तसे होत नाही. खऱ्या दाताच्या मुळात तिचे तंतू आडवे शिरून रुजतात. धातूत शिरायला वावच नसतो, म्हणून ते त्याला समांतर उभे राहतात, काही मनगटावरच्या गंड्यासारखे गोल फिरतात. त्यांच्या वर साधारण दोन मिलिमीटर उंचीचा पेशींचा पातळ थर चिकटतो. तोंडातले जंतू आणि हाड यांच्यामध्ये एवढाच पडदा. तो पक्का व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि सिगारेट ओढणाऱ्याला किंवा रक्तातली साखर आटोक्यात नसलेल्याला ते जडच जाते.

या पडद्यापाशी थोडे थांबा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

पुढे कधी याच कडेला लाली येईल, ब्रश लागताच रक्त येईल, आणि दुखणार मात्र बहुधा काहीच नाही. आजचा ठणका जखम भरत असल्याचा आहे. ती बिनदुखरी सूज साचलेल्या किटणावर पोसते. वेळीच स्वच्छता केली तर ती ओसरते, दुर्लक्ष झाले तर खालचे हाड खाऊ लागते.

आता डोळे उघडा. पाणी प्यायचे तर पेल्याने, स्ट्रॉने नको. आणि उद्या-परवानंतरही सूज वाढतच राहिली, पू किंवा ताप आला, तर हे मनन बाजूला ठेवून दवाखान्यात फोन लावा.