लेकराचा अभिमान



सात मुख्य पापांची यादी आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. तिच्यात पहिला मान गर्वाचा. मग आपल्या विशेष मुलाने शर्यत पूर्ण केली म्हणून ज्या आईचा ऊर भरून येतो, तिचे काय? तिच्या आनंदाला कोणी पाप म्हणणार नाही. पण का म्हणू नये, हेही सांगता आले पाहिजे.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते गर्व म्हणजे स्वतःच्या श्रेष्ठतेची अवाजवी हाव. आपण म्हणू, मूल म्हणजे काही 'स्वतः' नव्हे. पण ही पळवाट अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वीच बंद केली आहे. आईबाप मुलांवर प्रेम करतात ते आपलाच अंश म्हणून, असे तो सांगतो. म्हणजे मुलाच्या यशात आपण आपलाच चेहरा पाहू शकतो. दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे नेमके कोणाच्या यशाचे पेढे वाटले जातात, हे ज्याने त्याने ठरवावे.

आणि आरशात चेहरा दिसेनासा झाला तर? अमेरिकेतील केनेडी या कॅथलिक घराण्यात हे घडले. आपल्या मुलांनी नेहमी पहिलेच यावे, असा वडील जोसेफ यांचा आग्रह. एक मुलगा पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. मुलगी रोझमेरी मात्र जन्मापासून बुद्धीने मंद. १९४१ साली, ती २३ वर्षांची असताना, वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवली; तिच्या आईलाही आधी सांगितले नाही. त्यानंतर तिला धड चालता-बोलता येईना. तिला संस्थेत ठेवले गेले आणि बाहेर तिच्याविषयी अनेक वर्षे मौन पाळले गेले. या बापाचा अभिमान आणि त्याची लाज या दोन गोष्टी नव्हत्या, असे मला वाटते. एकाच मुळाला फुटलेल्या त्या दोन फांद्या.

रोझमेरीची बहीण युनिस हिने १९६२ साली हे मौन मोडले. बहिणीविषयी तिने एका साप्ताहिकात उघडपणे लिहिले. त्याच वर्षी आपल्या घराच्या आवारात विशेष मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवले. त्यातूनच पुढे जुलै १९६८ मध्ये शिकागोच्या मैदानावर पहिले स्पेशल ऑलिंपिक झाले. आपल्या देशातही स्पेशल ऑलिंपिक भारत ही संस्था हे काम करते.

तिथली एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. वय आणि क्षमता पाहून खेळाडूंचे गट पाडतात, म्हणजे प्रत्येकाला बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळतो. आधी सराव, मग खरी शर्यत. तिच्यात हरताही येते. 'बिचारा धावला, द्या त्याला बक्षीस' असे आपण म्हणतो तेव्हा आपण चांगुलपणा करत नाही, त्याच्या हक्काची चुरस काढून घेतो. ज्याला हरण्याची मुभा नाही, त्याचे कौतुक पोकळ असते, आणि मुलांना ते बरोबर कळते.

दुसरा धोका आईबापांसाठी. 'तू किती मोठा क्रूस वाहतेस गं!' असे लोक आईला म्हणतात, तेही त्या मुलाच्या देखत! ऐकून ऐकून आपल्या त्यागाचाच अभिमान वाटू लागतो. मूल पुन्हा आरसाच होते.

पण खरा कठीण प्रश्न खुद्द रोझमेरीचा आहे. शस्त्रक्रियेनंतर जिला नीट चालताही येत नव्हते, तिच्या बापाने अभिमान कशाचा बाळगायचा? केवळ प्रयत्नाचे कौतुक म्हटले, तर ज्यांना प्रयत्नही जमत नाही ती लेकरे उरतातच. येथे तत्त्वज्ञान मला फार पुढे नेत नाही. यार्देन नदीवर पित्याने आपल्या पुत्राविषयी संतोष व्यक्त केला, तेव्हा संत मार्कच्या शुभवर्तमानात येशूने अजून एकही चमत्कार केलेला नव्हता, एकही प्रवचन दिलेले नव्हते. संतोष आधी, कार्य नंतर. शर्यत संपल्यावर मुलाला मिठी मारणाऱ्या आईला नंबर कितवा आला हे पुष्कळदा ठाऊकही नसते. तिचा संतोष सकाळी त्याच्या बुटांच्या नाड्या बांधतानाच सुरू झालेला असतो.

आपल्या सणाच्या क्रीडास्पर्धांत यंदा धावण्याचे गट वेगाप्रमाणे पाडावेत, असे मी युवकांना सुचवले आहे. विशेष मुलांची नावे जरूर द्या. मात्र नाव देण्याआधी त्यालाच विचारा, बाळा, धावायचे आहे का? काही मुले नाही म्हणतील. त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवू.

आपला,
धर्मगुरू