लोकल सुटली, हिशेब उरला

ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधल्या घरांचे भाव कित्येक दशकं एकाच प्रश्नावर ठरत आले: मुंबईतल्या कचेरीपासून किती लांब राहायची तुमची तयारी आहे? सीएसएमटीपासून ठाणं ३४ किलोमीटर, कल्याण ५४. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि १८८७ मध्ये डोंबिवलीला स्टेशन झालं. पुढे गिरगाव-दादरच्या चाळींत जागा पुरेना, तेव्हा मराठी मध्यमवर्ग याच रुळांच्या कडेने सरकत गेला. घर स्वस्तात मिळालं, कारण उरलेली किंमत रोज गाडीत उभं राहून चुकती करायची होती. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. स्वस्त घराच्या हिशेबात ही रक्कमही धरायला हवी.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. सर्वसामान्य प्रवाशांना ती पुन्हा मिळाली १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांपुरती. तेवढ्या महिन्यांत हजारो घरांना कळलं की बंगळूरच्या किंवा पुण्याच्या कंपनीचं काम डोंबिवलीच्या हॉलमध्ये बसूनही होतं. आता कचेऱ्या पुन्हा बोलावू लागल्या आहेत, पण कायमचं घरून काम करणारा एक वर्ग इथे उरला आहेच. अंतराची किंमत त्याला मोजावी लागत नाही. मग त्याने ठाण्यात राहावं की पुढे जावं?

वरवर पाहता उत्तर सोपं आहे. ठाण्यातल्या नौपाड्यात वन बीएचकेला जे भाडं पडतं, त्यात डोंबिवलीत टू बीएचके मिळू शकतो. कल्याणच्या पुढे टिटवाळ्याकडे किंवा बदलापूरकडे सरकलं की आणखी कमी. डिपॉझिट, दलाली, अकरा महिन्यांचा करार ही कटकट सगळीकडे सारखीच. भाजी, दूध, किराणा यांत म्हणावा तसा फरक नाही. म्हणजे जो काही फरक आहे तो जागेचा, आणि घरून काम करणाऱ्याला सर्वांत जास्त गरज जागेचीच असते.

आमच्या इमारतीतल्या एका वन रूम किचनची दुपार मी अनेकदा पाहिली आहे. नवरा हॉलमध्ये, बायको स्वयंपाकघरात. ओट्याच्या टोकाशी लॅपटॉप, त्याच्या बाजूला पोळपाट उभा करून ठेवलेला. मीटिंग सुरू व्हायच्या आत कुकर उतरवायचा, नाहीतर शिट्टी थेट पलीकडच्या माणसाच्या कानात. सासूबाई टीव्ही आवाज बंद करून बघतात. मूल शाळेतून आलं की दार बायकोनेच उघडायचं, कारण हॉलमधला माणूस ‘कामावर’ असतो आणि स्वयंपाकघरातली बाई ‘घरी’. दोघांचे पगार जवळपास सारखे आहेत. लोकलचे तीन तास वाचले, पण ते तिच्या वाट्याला आले नाहीत. घरकामाने परत घेतले. खर्चाच्या कुठल्याही तुलनेत हा रकाना नसतो, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो.

विजेचंही तसंच. ठाण्याचा बराचसा भाग आणि कल्याण-डोंबिवली महावितरणकडे आहे आणि घरगुती दर टप्प्यांनी चढतात: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी. दिवसभर पंखा, संगणक आणि उन्हाळ्यात एसी चालला की एरवी खालच्या टप्प्यात संपणारं बिल वर सरकतं. कंपनीच्या कचेरीतलं हे बिल आता तुमच्या नावावर येतं. त्यात देखभालीसाठी वीज गेली की इन्व्हर्टर हवा, एक नेट बंद पडलं तर दुसरं हवं. भाड्यात वाचलेल्या पैशांतला एक हिस्सा असा निघून जातो.

माझं मत स्पष्ट आहे. दोघंही पूर्णवेळ घरून काम करणार असतील, तर ठाण्यातल्या एका खोलीपेक्षा डोंबिवली-कल्याणची दार लागणारी जास्तीची खोली घ्यावी. आठवड्यातून तीन दिवस बीकेसीला किंवा लोअर परळला जावं लागणार असेल, तर मात्र ठाणंच. तिथे गाडी ठाण्याहून सुटणारी मिळते, आणि दिव्याच्या पुढची गर्दी अंगावर घ्यावी लागत नाही.

पण घराचा प्रश्न घरातच सुटेल असं मला वाटत नाही. डोंबिवली सकाळी रिकामी होणारं आणि रात्री भरणारं गाव म्हणून वाढली. पोळी-भाजी केंद्रं, निवडून चिरून ठेवलेली भाजी, पाळणाघरं, स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षा, हे सगळं सात-बाविसची गाडी पकडणाऱ्यासाठी उभं राहिलं, आणि फार उत्तम उभं राहिलं. दिवसभर गावातच असणाऱ्या कमावत्या माणसासाठी मात्र गावाने अजून काही केलेलं नाही. कॅफेत रोज बसणं परवडत नाही, भाड्याने मिळणारी टेबलं मोजकी.

आणि तरीही पाया आपल्याकडे आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी आपल्या गावांनी अभ्यासिका काढल्या, घरात जागा नसलेल्या पोरांना तिथे शांत टेबल मिळालं. तेच टेबल आता नोकरदार बाईलाही हवं आहे. त्यासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. बहुतेक सोसायट्यांचा हॉल बारशापुरता आणि वार्षिक सभेपुरता उघडतो. या वर्षीच्या सभेत एक ठराव मांडा: सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते सहा हॉल उघडा ठेवायचा, चार टेबलं, पुरेसे प्लग पॉइंट, एक वायफाय, आणि पहिला हक्क स्वयंपाकघरात बसून काम करणाऱ्या बायकांचा.