क्षमा करणारी काठी

अनगोळात गोल्फ खेळणारी माणसे फारशी आढळणार नाहीत. चेंबूरला व पुण्यात येरवड्याला या खेळाची मैदाने आहेत, आणि कलकत्त्यात तर तो १८२९ सालापासून चालत आला आहे. पण आपल्याकडची मुले क्रिकेटच्या बॅटीवरच वाढतात. तरीही या खेळातील एका शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. गोल्फच्या काठ्यांपैकी काहींना खेळाडू ‘क्षमाशील’ म्हणतात व काहींना ‘क्षमा न करणाऱ्या’. आणि पुष्कळ जाणते खेळाडू असा सल्ला देतात की, सामना कोणत्याही काठीने खेळा, पण सराव मात्र क्षमा न करणाऱ्या काठीने करा. ज्या मंडळीत क्षमेविषयी इतके बोलले जाते, तिने हा सल्ला ऐकून क्षणभर थांबावे हे साहजिक आहे. क्षमेने माणूस बिघडतो की काय?

प्रथम काठीचे समजून घेऊ. तिच्या टोकाला लोखंडी पाते असते. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅम वजनाचा, व्यास सुमारे ४३ मिलिमीटर. पात्यावर एक लहानशी जागा असते. चेंडू नेमका तेथे लागला तर हाताला काही जाणवतसुद्धा नाही आणि चेंडू सरळ जातो. जुन्या पद्धतीच्या घडीव पात्यात बहुतेक वजन त्या जागेच्या मागेच एकवटलेले असते. चेंडू बोटभर बाजूला लागला की पाते हातात पिळवटते, चेंडू वाकडा जातो, अलीकडेच पडतो, आणि थंडीच्या सकाळी मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. दुसऱ्या प्रकारात पात्याची पाठ पोखरून तेथले वजन कडेला नेलेले असते. फळीच्या मधोमध दोन विटा ठेवून ती फिरवून पाहा, मग त्याच विटा दोन टोकांना ठेवून पाहा. दुसऱ्या वेळी फळी सहजी फिरत नाही. तसेच हे पाते. चेंडू बाजूला लागला तरी ते फारसे वळत नाही. असा पोखरलेला आकार ओतीव कामात सहज साधतो. अनगोळला लागूनच उद्यमबाग असल्यामुळे घडीव आणि ओतीव यांतला फरक आमच्या शेजाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

वजन कडेला नेण्याच्या कल्पनेचा मोठा प्रसार कार्स्टन सोल्हाइम यांनी केला. नॉर्वेत १९११ साली जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले, चांभारकाम करणाऱ्या बापाचे हे पुत्र पेशाने इंजिनिअर होते. गोल्फ त्यांनी चाळिशी उलटल्यावर हाती घेतला, आणि हिरवळीवरचा शेवटचा हलका फटका त्यांना काही केल्या जमेना. तेव्हा १९५९ साली त्यांनी स्वतःच एक काठी बनवली, जिचे वजन दोन्ही टोकांना होते. लाखो सामान्य खेळाडूंचा आनंद या युक्तीने वाढला. त्यात वाईट काय आहे? आम्हास तरी काही दिसत नाही. कारखान्यातून थकून आलेल्या माणसाने आठवड्यातून एकदा खेळावे आणि त्याची चूक काठीने झेलावी, ही दयाच आहे.

पण तिला क्षमा म्हणावे काय, हा आमचा प्रश्न आहे. मराठीत आपण तीन गोष्टी वेगळ्या ओळखतो: पांघरूण घालणे, सांभाळून घेणे आणि क्षमा करणे. चूक कोणालाच दिसू नये म्हणून पांघरूण घालतात. तिचा फटका कमी बसावा म्हणून सांभाळून घेतात. क्षमा मात्र चूक पूर्ण उघडी पडल्यावाचून सुरूच होत नाही. ज्याला आपले काय चुकले हेच ठाऊक नाही, त्याने क्षमा घ्यावी तरी कशाची? ती ओतीव काठी सांभाळून घेते, आणि सराव करणारा गाफील राहिला तर तिचे सांभाळणे हळूच पांघरूण होऊन बसते. वाकडा हात वर्षभर वाकडाच राहतो, कारण चेंडू बऱ्यापैकी सरळ जात असतो.

डॉन ब्रॅडमन लहानपणी बाउरल येथील घरी पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू आपटीत आणि परत येईल तसा तो क्रिकेटच्या स्टंपने टोलवीत. स्टंपची जाडी ती काय! सामन्यात मात्र ते सर्वांसारखी रुंद बॅट घेऊन उतरत. आमच्या उपासनेतही हेच अनुभवास येते. पेटी मोठ्याने वाजत असली की सगळेच सुरात आहेत असे वाटते. पेटी थांबवून एक कडवे गाऊन पाहा.

तथापि या सल्ल्याची दुसरी बाजूही आहे. ज्याला चेंडू कधीच नीट लागलेला नाही, त्याच्या हाती घडीव पाते दिले तर प्रत्येक फटक्याला झिणझिण्याच. त्यातून तो काय शिकणार? बरे आणि वाईट यांतला फरक हाताला कळायला एकदा तरी बरे घडलेले असावे लागते. शिवाय कठीण काठी मिरवण्यासाठी बाळगणारेही असतात. आणि चूक कळण्यासाठी झिणझिण्या अगदी अटळ आहेत असेही नाही: क्षमाशील पात्यावर थोडी पावडर भुरभुरली, तर चेंडू कोठे लागला त्याचा ठसा स्पष्ट उमटतो. सत्य तेच, पण त्रासावाचून. मात्र ठसा पाहायला थांबून, काठी उलटी करून, खाली पाहावे लागते, आणि तेवढे करणारे थोडेच. घडीव पाते न विचारता सांगते, एवढाच काय तो त्याचा अधिकपणा.

म्हणून आमच्या मते कठीण काठी माणसाने स्वतःसाठी निवडावी, दुसऱ्याच्या हाती कोंबू नये. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना हे विशेष कळकळीने सांगावेसे वाटते. स्वतःच्या तयारीत त्यांनी पुस्तक मिटून, घरातील कोणाला तरी समोर बसवून, धडा सांगून पाहावा. अडखळण्याची जागा तेथेच सापडते. वर्गात मात्र पुस्तक उघडे असावे. मूल पाठ केलेले वचन म्हणताना थांबले तर पुढचा शब्द हळूच पुरवावा. म्हणून झाल्यावर त्याला जवळ घेऊन सांगावे की तीन शब्द राहिले, ते कोणते तेही दाखवावे, आणि मग चित्राचे कार्ड त्याच्या हाती द्यावे.