रोगाचें नांव कोणीं ठरवावें?

मोजणें हें निर्दोष कर्म आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. न्यायाधीश चुकूं शकतो, कायदा करणारा पक्षपाती असूं शकतो. परंतु मोजणारा बिचारा जें आहे तेवढेंच लिहितो, असें आपण धरून चालतों. आरोग्याच्या नोंदींचीं मानकें, म्हणजे रोगांचीं नांवें, त्यांचे संकेतांक आणि तक्त्यांतील रकाने, ठरविणाऱ्या समित्यांकडे समाजाचें लक्ष जात नाहीं याचें कारण हीच समजूत होय. तें काम तांत्रिक आहे, तज्ज्ञांनीं तें पाहावें, असें सुशिक्षितही म्हणतात. माझ्या मतें हें काम जितकें तांत्रिक तितकेंच नैतिक आहे, आणि म्हणून त्यावरील देखरेख तज्ज्ञांच्या हातीं सोपवून समाजास मोकळें होतां येत नाहीं.

प्रथम या समित्यांच्या बाजूनें जें म्हणावयाचें तें मोकळ्या मनानें म्हटलें पाहिजे. एकसारख्या नोंदींवांचून सार्वजनिक आरोग्याचा विचारच संभवत नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें १८६० सालीं लंडन येथील आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढें सर्व इस्पितळांनीं एकाच नमुन्यावर नोंदी ठेवाव्यात अशी योजना मांडली, ती याच जाणिवेनें. आपल्याकडील स्थिति किती शोचनीय होती, हें भोर समितीच्या १९४६ च्या अहवालावरून दिसतें. (तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा.) १९३२ ते १९४१ या दहा वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानांत नोंदलेल्या मृत्यूंपैकीं शेंकडा सुमारें ५८ मृत्यु ‘ताप’ या एकाच सदरांत घातलेले होते. हिंवताप, विषमज्वर, क्षय यांतील भेद ओळखण्याचें साधन गांवकामगारापाशीं नव्हतें. माणूस गेला तेव्हां अंग तापलेलें होतें एवढें घरचे सांगत, व तेवढें लिहिलें जाई. जेथें निम्म्याहून अधिक माणसें ‘तापानें’ मरतात, तेथें कोणत्या रोगावर किती पैसा खर्च करावा हें सांगणार कोण?

आतां काळ पालटला आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानें इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींचीं मानकें सप्टेंबर २०१३ मध्यें प्रथम प्रसिद्ध केलीं व डिसेंबर २०१६ मध्यें सुधारून पुन्हां काढलीं. २०१४ सालीं भारत ‘स्नोमेड सीटी’ ही वैद्यक परिभाषा सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सभासद झाला. तीन लाखांहून अधिक संकल्पनांचा हा कोश देशांत वांटण्याचें काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेकडे आहे. दुसरीकडे भारतीय मानक ब्यूरोची एक समिति आरोग्य-माहितीच्या मानकांचें काम पाहते, आणि जागतिक मानक संघटनेनें १९९८ सालीं याच विषयासाठीं स्थापलेल्या समितीपुढें देशाचें मत मांडते. मसुदा होतो, तो प्रसृत केला जातो, हरकती मागविल्या जातात, आणि मग मानक कायम होतें. पद्धतींत नांव ठेवण्यासारखें फारसें नाहीं. हरकत कोणालाही घेतां येते. मात्र कांहीं चाललें आहे हें त्याला आधीं कळलें पाहिजे, इंग्रजी मसुदा त्याला वाचतां आला पाहिजे, आणि आपलें दुखणें त्या परिभाषेंत बसवितां आलें पाहिजे. भुसावळच्या बाजारांत असा गृहस्थ हुडकूं गेल्यास सांपडणें कठीण.

२०१६ च्या मानकांत एक तत्त्व मोठें मार्मिक आहे. रुग्णालयांत तयार झालेली नोंद रुग्णालयापाशीं असते ती रुग्णाच्या वतीनें, विश्वस्त म्हणून. हें तत्त्व गंभीरपणें घेतलें तर त्याचा विस्तार करावा लागतो. ठेव ज्याची, त्याला ती सुरक्षित आहे कीं नाहीं एवढेंच विचारण्याचा अधिकार नसून, तिच्यांत काय लिहिलें जावें आणि काय जाऊं नये, हेंही विचारण्याचा अधिकार आहे.

भुसावळजवळचें दीपनगर हें औष्णिक वीज केंद्राचें गांव. ५०० मेगावॉटचे दोन संच, भोंवतीं खेडीं आणि केळीच्या बागा. आपल्याकडील दगडी कोळशांत राखेचें प्रमाण शेंकडा तीस ते चाळीस, म्हणजे ढोबळ मानानें तीन गाड्या कोळशामागें एक गाडी राख. या राखेचा हिशेब मात्र चोख आहे. सिमेंटमध्यें घालावयाची राख कशी असावी हें सांगणारें आय.एस. ३८१२ हें मानक त्याच भारतीय मानक ब्यूरोचें. आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनें वीज केंद्रांवर सर्व राख उपयोगांत आणण्याचें बंधन घातलें, त्यासाठीं टनांचा हिशेब द्यावा लागतो.

आतां याच परिसरांतील एखादा माणूस श्वासाच्या विकारानें मरतो असें समजा. १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्याखालीं २००० सालापासून जे सुधारलेले नमुने प्रचारांत आले, त्यांतील मृत्यूच्या नमुन्यांत मयताचें गांव व व्यवसाय विचारला आहे, आणि पुढें चार प्रश्न आहेत: धूम्रपान किती वर्षें, तंबाखू किती वर्षें, सुपारी व पानमसाला किती वर्षें, मद्य किती वर्षें. प्रश्न उचितच आहेत. परंतु तो त्या गांवीं किती वर्षें राहिला, धुळींत किती वर्षें राबला, किंवा ती बाई असल्यास चुलीच्या धुरांत तिनें किती वर्षें भाकऱ्या भाजल्या, हें तेथें विचारलेलें नाहीं. परिणाम असा कीं, माणसाच्या स्वतःच्या हातून जें घडलें तेवढें वर्षांच्या आंकड्यासह नोंदींत शिरतें. दुसऱ्यांच्या उद्योगानें त्याच्यावर जें गुदरलें तें बाहेर राहतें. पिढीभरानें कोणी या नोंदी चाळल्या तर व्यसनाचा दोष त्यांतून निघेल, हवेचा निघणार नाहीं. राखेनें कोणास रोग जडला असें विधान मी करीत नाहीं. तसें विधान करण्यास, किंवा तें खोडून काढण्यास, लागणारा पुरावा जमण्याची एक वाटच या नमुन्यानें बंद केली आहे. आणि वीज केंद्रावर विनाकारण संशय येत असेल तर तोही त्यामुळें फिटत नाहीं.

कोणी म्हणेल, शास्त्रापाशीं तसा शब्दच नसेल. परंतु जागतिक रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तींत दूषित हवेच्या संपर्कासाठीं झेड ५८.१ हा संकेतांक आहे, धंद्यांतील धुळीसाठीं झेड ५७.२ आहे. म्हणजे शब्द जिनीव्हांत तयार आहे. खान्देशांतल्या कागदावर त्याला जागा नाहीं. लंडनमध्यें नऊ वर्षांची एक मुलगी २०१३ सालीं दम्यानें वारली. पहिल्या चौकशींत हवेचें नांवही आलें नाहीं. आईनें नेट धरला, दुसरी चौकशी झाली, आणि डिसेंबर २०२० मध्यें चौकशी अधिकाऱ्यानें दूषित हवा हें मृत्यूचें एक कारण म्हणून लिहिलें. हवा तीच, फुप्फुसें तींच; प्रश्न तेवढा निराळा विचारला गेला.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, रकाने वाढवावेत म्हणजे झालें. परंतु याच खान्देशांत नेमकें उलट उदाहरण आहे. सातपुड्याच्या पायथ्याशीं भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. १ जुलै २०२३ रोजीं त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावी, व ज्याची तपासणी झाली त्यास त्याची आनुवंशिक स्थिति दाखविणारें कार्ड द्यावें, अशी तिची योजना आहे. शास्त्र वाहक आणि रोगी यांत भेद करतें. वाहकाला डी ५७.३ असा वेगळा संकेतांक आहे, आणि वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो. दोघे वाहक विवाहबद्ध झाले तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. हें ज्ञान हितकर आहे यांत वाद नाहीं. पण लग्नाच्या बोलण्यांत तें कार्ड पुढें आलें, तर हा बारीक भेद कोण वाचीत बसणार? मुलीच्या नांवापुढें रोगाचें नांव आहे एवढेंच वाचलें जाण्याचें भय आहे. सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१७ मध्यें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि चौदा आंकड्यांचा आरोग्य-क्रमांकही संमतीनेंच द्यावयाचा आहे. परंतु वाचतां न येणाऱ्या कागदावर उठविलेल्या अंगठ्याला संमति म्हणावें काय, हा प्रश्न कायद्यानें सुटत नाहीं.

दीपनगरच्या माणसाची तक्रार, मला विचारलें नाहीं ही. पायथ्याच्या मुलीची तक्रार, माझें उघड केलें ही. या दोन तक्रारींत निवाडा देणारें सूत्र कोणत्याही परिभाषाकोशांत नाहीं. कोणता रकाना कोणाला तारतो आणि कोणाला बाधतो, हें ज्याच्या अंगावर तो रकाना पडतो त्यालाच आधीं कळतें. आणि म्हणून तज्ज्ञांच्या शेजारीं त्याची बैठक असली पाहिजे. समितींत शिरकाव झाल्यावर काय होऊं शकतें हें आपण नुकतेंच पाहिलें आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांतील रोगनामें १० जानेवारी २०२४ रोजीं जागतिक वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीच्या एका विभागांत दाखल झालीं. त्या शास्त्रांविषयीं कोणाचें मत कांहींही असो; त्या नांवांच्या मागें मंत्रालय होतें, पंडित होते, प्रतिनिधि होते. दीपनगरच्या भोंवतालच्या खेड्यांमागें यांपैकीं कोणी नाहीं.

मसुदे मराठींत निघावेत, ग्रामसभेपुढें वाचले जावेत, आणि मृत्यूच्या नमुन्यांत राहण्याचीं व धुळींत काम केल्याचीं वर्षें विचारावींत, एवढी माझी मागणी आहे. कार्डाच्या बाबतींत, लग्नापूर्वीं तें कोणीं कोणास दाखवावें याचा नियम त्या समाजाच्या मुलींना विचारल्यावांचून करूं नये. यावर एक व्यवहारी आक्षेप मला ठाऊक आहे. ग्रामसेवकाला आधींच कामें थोडीं नाहींत, आणि असल्या प्रश्नाचें उत्तर तो अंदाजानेंच लिहिणार. तें खरें आहे. पण मयत किती वर्षें तंबाखू खात होता, हेंही तो दारांत उभ्या असलेल्या मुलाला विचारूनच लिहितो.