नेमलेली वेळ

मननासाठीं वचनें: इफिसकरांस पत्र ५:१५-१६, यिर्मया ८:७

शहाणा मनुष्य हातीं आलेली वेळ फुकट दवडीत नाहीं, तर मोल देऊन सोडवावी तशी ती सोडवून घेतो, असा पौलाचा बोध आहे. हें वचन आज आम्ही आपल्या मंडळ्यांतील मुलग्यांच्या संघांपुढें ठेवितों. आणि मुलग्यांच्याही आधीं त्यांच्या पुढाऱ्यांपुढें व आईबापांपुढें ठेवितों.

आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील धान पिकविणाऱ्यास वेळेचें मोल शिकवावें लागत नाहीं. पऱ्हे टाकले कीं तो दिवस मोजूं लागतो. रोवणीची वेळ टळून पऱ्हे जुने झाले, तर मागाहून घातलेल्या खतानें तें नुकसान पुरतें भरून निघत नाहीं. हिंवाळा आला कीं नवेगांवबांधच्या तलावावर दूरदेशचीं पांखरें उतरतात; त्यांस कोणी निरोप धाडीत नाहीं. यिर्मया संदेष्ट्यानें अशा पांखरांचीच साक्ष काढून देवाच्या लोकांस लाजविलें कीं, पांखरें आपला समय ओळखतात, पण प्रभूचे लोक त्याचा नियम ओळखीत नाहींत. जो बाप रोवणीस एक दिवस उशीर होऊं देत नाहीं, जो गोंदियाच्या स्टेशनावर गाडीच्या अर्धा तास आधीं जाऊन बसतो, तोच उपासनेची घंटा झाल्यावर स्नानास उठतो. मुलगा हें सर्व पाहतो. गाडी कोणासाठीं थांबत नाहीं, देवाचें काम मात्र थांबवितां येतें, हा धडा तो आपल्या बापापासून शिकतो.

या विषयीं एक खरा वृत्तांत ऐका. १८८३ सालीं, म्हणजे नागपुरास हिस्लॉप कॉलेज स्थापन झालें त्याच सालीं, स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं विल्यम स्मिथ नांवाच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकानें ४ ऑक्टोबर रोजीं मुलग्यांचें एक पथक उभारिलें. ज्या फ्री चर्चनें स्टीफन हिस्लॉप यांस नागपुरास पाठविलें होतें, त्याच चर्चच्या एका मिशन हॉलांत तें भरत असे. तेंच पुढें बॉइज ब्रिगेड या नांवानें पुष्कळ देशांत पसरलें. तेथील शब्बाथ शाळेंत मोठे मुलगे दंगा करीत, आणि थोडे वाढले कीं येणेंच सोडून देत. स्मिथनें त्यांस कवाईत दिली, जबाबदारी दिली, आणि नियम घातला कीं कवाईत ठीक ८ वाजतां. एक मिनिट उशीर झाला तरी त्या दिवशीं रांगेंत जागा मिळणार नाहीं. कांहीं मुलगे गळाले. परंतु जे राहिले त्यांच्यापासून मोठें काम उभें झालें. १८९३ सालीं त्या संस्थेनें आपल्या उद्देशांत आज्ञापालन हा शब्द मुद्दाम घातला. तिची खूण नांगर आहे, आणि ती इब्री ६:१९ येथून घेतली आहे. ढिल्या दोरानें बांधलेला नांगर नावेच्या काय कामाचा?

कोणी विचारील, अशा कडक नियमांत ख्रिस्ताची प्रीति कोठें आहे? मत्तय २५ मध्यें उशिरां आलेल्या पांच कुमारींस दार बंद झालें. मत्तय २० मध्यें मात्र दिवस मावळतां कामास लागलेल्यांस पुरी मजुरी मिळाली. या दोहोंत विरोध नाहीं. कुमारींजवळ वेळ होता, तयारी नव्हती. मजुरांस कोणीं बोलाविलेंच नव्हतें. म्हणून आळसानें उशीर करणारा मुलगा एक, आणि गुरें बांधून, धाकट्या बहिणीस सांभाळून धांवत येणारा मुलगा दुसरा. पहिल्यास नियम दाखवा. दुसऱ्याच्या घरीं जा, त्याच्या कामाची वेळ विचारा, आणि संघाची वेळच तशी ठरवा. रोवणीच्या दिवसांत सकाळची सभा ठेवून गैरहजेरीचा दोष मुलांवर टाकणें हा अन्याय होय.

उशीर ही लहान गोष्ट आहे असें समजूं नका. एका मुलाकरितां दहा मुलें अर्धा तास थांबलीं, तर दुसऱ्यांचे पांच तास गेले. आठव्या आज्ञेनें चोरी मना केली आहे; वेळेची चोरी तींतून सुटत नाहीं. शिवाय शिक्षा भोगतो तो वेळेवर आलेला मुलगा. असें चार वेळां झालें कीं तोही उशिरां येऊं लागतो, आणि कांहीं दिवसांनीं येतच नाहीं. आपले कित्येक मुलगे असेच हातचे गेले आहेत.

यास्तव उपदेशकांनो व संघाच्या पुढाऱ्यांनो, आमची विनंती ऐका. नेमल्या वेळेपूर्वीं पाव तास तुम्ही स्वतः हजर असा. आतां मोबाइल प्रत्येकाच्या खिशांत आहे. घड्याळ नाहीं ही सबब उरली नाहीं. दोनच मुलें आलीं तरी प्रार्थनेनें आरंभ करा. मत्तय १८:२० मधील अभिवचन दोघातिघांसाठींच आहे. जसा आरंभ वेळेवर, तसा शेवटही वेळेवर करा, म्हणजे आईबापांचा भरंवसा वाढेल. उशिरां आलेल्यास चारचौघांत लाजवूं नका. सभा संपल्यावर एकीकडे घेऊन कारण विचारा. हजेरीपट वाचा, आणि ज्याचें नांव दोनदां रिकामें राहिलें त्याच्या दारीं त्याच आठवड्यांत जा.

आपला प्रभु मोठ्या पहांटे उठून एकांतीं प्रार्थना करीत असे, हें मार्क १:३५ सांगतें. ज्यानें आपल्याकरितां आपली घटका चुकविली नाहीं, वधस्तंभाचीही चुकविली नाहीं, त्याच्या नांवानें भरणारी सभा आपण कशी चुकवावी? तोच आपल्या मुलांस थोडक्यांत विश्वासू राहण्याची कृपा देवो, आणि त्यांच्या आधीं आपणांस देवो. आमेन.