झुकलेली बाई

भाचीनं मातीत पुढे झुकलेली बाई घडवली आहे. आत लोखंडी सळयांचा सांगाडा आहे, आणि तिला ती भाजायची आहे.

"सळया ठेवून भाजता येणार नाही," मी म्हटलं. "सुकताना आणि भट्टीत मिळून ही माती दहा-बारा टक्के आक्रसेल. लोखंड आक्रसत नाही. अंगभर तडे जातील."

"मग साचा काढून ब्राँझ ओतते. शिल्पकार हिम्मत शाहांनी नाही का मातीची मस्तकं ब्राँझमध्येही ओतली? ती काय कमअस्सल झाली?"

"मुळीच नाही. पण ते लोथलचे, मातीवर वाढलेले. त्यांची मस्तकं मातीलाही पेलणारी आहेत. तुझ्या बाईला सळयांनी सावरलंय."

"म्हणजे माती म्हणेल तेवढंच करायचं? मग मडक्यापुढे कुणी गेलंच नसतं, मावशी."

"गेले की! क्योतोचे काझुओ यागी कुंभाराच्याच घरातले. १९४८ मध्ये मित्रांबरोबर त्यांनी 'सोदेइशा' हा गट काढला. १९५४ मध्ये चाकावर काढलेलं कडं त्यांनी उभं केलं, त्याला चाकावरच्याच बारीक नळ्या पायांसारख्या जोडल्या आणि काफ्काच्या कथेतल्या सामसाचं नाव दिलं. त्यात पाणी भरता येत नाही, फूल ठेवता येत नाही. पण भाग सगळे चाकावरचे."

"त्यांना जे हवं होतं ते चाकाला जमणारं होतं. मला हवाय तो हा झुकाव. सरळ उभी केली तर ती माझी राहणार नाही."

तिचं हे म्हणणं मला खोडता येत नाही. तरी मी मातीच्या बाजूची आहे.

"पोकळ घडव. त्याच मातीचे टेकू दे, तेही तिच्याबरोबर आक्रसतील. मात्र १२०० अंशांच्या पुढे ही माती मऊ पडते. बाई आणखी झुकेल."

"किती?"

"आधी नेमकं सांगता येत नाही. झुकाव सगळा तुझाच हवा असेल, तर ब्राँझ कर, बिनधास्त कर. त्यात थोडा वाटा भट्टीचा चालणार असेल, तर भाज."

"मला भाजलेली मातीच हवी, आणि झुकावही माझाच."

"दोन्ही पुरतं मिळणार नाही. माझं विचारशील तर भाज."

"आणि फारच झुकली तर?"

"तर पुढची घडवताना तेवढी सरळ ठेव."